सेर नेला विमान ऐकू येत नसे

युद्ध पेटलेल्या मुत्रॉच्या डोंगरात ओढ्याकाठी एका झापाखाली तेवीस मुलं शिकत होती. लष्कराने जाळलेल्या चार गावांतून आयाआज्यांबरोबर पळून आलेली. लर मू त्यांची थ्रामू, म्हणजे बाई. वय अवघं पंचवीस. तिची शाळा वर्षभरात तिसऱ्यांदा हलली होती आणि दर वेळी फळा तिनेच पाठीवरून वाहून आणला होता.

झापामागे खंदक होता. विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून त्यात शिरायचं, हे मुलांना पाढ्यांसारखं पाठ होतं. एकट्या सेर ने या आठ वर्षांच्या मुलीला ऐकू येत नसे. तिचा हात शेजारच्या मुलीने ओढायचा, असं लर मूने ठरवून दिलं होतं.

पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेवर बॉम्ब पडल्याची बातमी आली आणि लर मूचं चित्त उडालं. मुलांना ते कळू नये म्हणून ती त्यांच्याकडून मोठमोठ्याने वाचून घेऊ लागली. मग एवढ्या आवाजात विमान ऐकूच येणार नाही, हे ध्यानात आलं आणि तिने सगळ्यांना हळू वाचायला लावलं. शाळा कुजबुजत चालू लागली.

मंगळवारी सकाळी गणित चाललं होतं. सेर नेने कळशी दाखवून खुणेने पाण्याला जाऊ का विचारलं. लर मूने हो म्हणून मान हलवली. मुलगी ओढ्याकडे वळून दिसेनाशी झाली आणि जरा वेळाने डोंगरापलीकडून घरघर आली.

मुलं खंदकात शिरली. लर मूने डोकी मोजली. बावीस.

"तुम्हीच पाठवलंत ना तिला, थ्रामू," शेजारची मुलगी म्हणाली आणि रडू लागली.

ओढा शंभर पावलांवर होता. लर मूने खंदकाच्या कडेला हात टेकले, एक पाय वर घेतला. दोन लहानग्यांनी तिची लुंगी घट्ट धरली होती. ते हात सोडवता आले असते, हे तिला तेव्हाही कळत होतं. तिने पाय खाली घेतला आणि ती मुलांमध्ये दबून बसली.

पहिला बॉम्ब वरच्या अंगाला पडला. दुसऱ्याने झाप पेटला. तोंडात माती गेली, कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. विमान गेल्यावरही ती कितीतरी वेळ हलली नाही. मग मात्र उठली आणि धावत सुटली.

काठावर कळशी आडवी पडली होती. लर मूने नावाने हाका मारल्या. हाकांचा उपयोग नाही हे आठवलं, तरी मारतच राहिली. खालच्या वळणावर, कळकाच्या मुळांखालच्या कपारीत, गळ्यापर्यंत पाण्यात सेर ने बसली होती. दात वाजत होते, पण कुठे खरचटलंही नव्हतं. तिने हातांनी सांगितलं: सगळी पाखरं एकदम उडाली, म्हणून मी लपले. मग बोटं उघडून विचारलं, बाकीचे?

दुपारी लर मू मुलीच्या आजीकडे गेली. म्हातारी तांदूळ निवडत होती. सगळे तिला पी, म्हणजे आजी, म्हणत.

"पी," लर मू म्हणाली, "मी तिला आणायला गेले नाही. भ्याले."

"ठाऊक आहे. पोरांनी सांगितलं." आजीने मान वर केली नाही. "तू गेली असतीस तर ती बावीसही तुझ्यामागे धावली असती. हे मला कळतं. पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस."

"उद्या शाळा वरच्या झाडीत भरवणार आहे."

"पोरगी येईल. माझ्याशिवाय नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा मुलं आली. आजी नातीच्या पाठीला पाठ लावून, ओढ्याकडे तोंड करून बसली. लर मूने काळवंडलेला फळा झाडाला टेकवला आणि कालचंच गणित पुन्हा घातलं. सोपं होतं. तरी उत्तर यायला फार वेळ लागला, कारण सेर ने सोडून सगळ्यांचे कान आभाळाकडे लागलेले होते. लर मूचेही.