एर्मेलिंदाच्या टेबलावरचे सिगार

"जवळ धर. आणखी जवळ. अरे, तुझं नाक नको दाखवूस, सिगार दाखव!"

एलिसेओने फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि सिगार कॅमेऱ्यासमोर आडवा धरला. पलीकडे, सारागोसातल्या कुठल्याशा परक्या स्वयंपाकघरात, त्याची बायको एर्मेलिंदा डोळे बारीक करून बघत होती.

"त्यावर पांढरं काय दिसतंय?"

"तेच तर विचारतोय. बुरशी असेल तर मेलोच."

"बोटाने पूस. गेलं?"

"गेलं."

"डाग राहिला?"

"नाही."

"मग बुरशी नाही, म्हाताऱ्या. पानातलं तेल वर येतं, त्याची पूड आहे ती. चांगलं लक्षण आहे. पण पाणी कमी कर. तू फ्रिज दुरुस्त करतोस की तळं राखतोस?"

एलिसेओ हसला. ती पूड कशाची हे त्याला ठाऊक होतं. मागे एकदा तिनेच सांगितलं होतं. पण आज रविवार होता, आणि विचारण्याजोगं दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं.

एस्तेलीत निम्मं गाव तंबाखूवर जगतं. एलिसेओ रुगामाचं पोट मात्र लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजांवर चालायचं, आणि आयुष्यात त्याने एक झुरकाही घेतला नव्हता. सिगार वळायची ती एर्मेलिंदा. कारखान्यात तिच्या टेबलावर त्रान्किलिनो आतली पानं बांधायचा आणि ती वरचं पान चढवायची. उभी हयात दोघांनी त्या एका टेबलावर काढली. मग स्पेनमध्ये एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळायचं काम आलं. "दोनच वर्षं," असं म्हणून ती गेली. त्या दोनाची पाच झाली होती.

पहिल्या वर्षी ती दोघं फोनवर रडायची. नंतर नंतर "जेवलास का?", "गोळी घेतलीस का?", "तिकडे थंडी आहे का?" एवढं झालं की बोलणं सरायचं. मग दोघंही पडद्याच्या कोपऱ्यातलं आपापलं तोंड बघत बसायची.

अशात त्रान्किलिनो कारखान्यातून निवृत्त झाला. एक दिवस तो रिबिनीने बांधलेली सिगारची जुडी घेऊन आला. "आमच्या टेबलावरचे आहेत," तो म्हणाला. "मी ओढून संपवण्यापेक्षा तुझ्याकडे राहू देत."

एलिसेओने जुडी कपाटात सदऱ्यांवर ठेवली आणि रविवारी मोठ्या कौतुकाने फोनवर तसं सांगितलं. एर्मेलिंदा किंचाळलीच.

"कपाटात? अरे, वाळून पापड होतील त्यांचे! सिगार जिवंत असतो. त्याला ओल लागते, पण अंगावर पाणी पडलेलं खपत नाही."

त्या रविवारी ती दोघं किती तरी वेळ बोलली.

मग एलिसेओने अंगणात पडलेला एक मेलेला फ्रिज आत घेतला. धुतला, उन्हात वाळवला, वास जाईपर्यंत उघडा ठेवला. सुताराकडून सीडरच्या फळ्या कापून आणून आत बसवल्या. तळाशी वाटीत ओला स्पंज आणि दाराला ओल मोजणारा काटा. रिकाम्या पेटीत ओल टिकत नाही, भरलेली हवी, असं एर्मेलिंदा म्हणाली, तेव्हा तो फ्रिज भरायच्या मागे लागला. सिगार वळणाऱ्या बायकांचे फ्रिज बिघडले की मजुरीच्या बदल्यात तो सिगार मागू लागला. गावात चेष्टा सुरू झाली. "एलिसेओचे सिगार फ्रिजमध्ये झोपतात आणि आमचं लोणी वितळतं!" वर्षभरात पहिला फ्रिज भरला. त्याने दुसरा उभा केला.

तो शिकत गेला. कडक आणि सौम्य एका फळीवर ठेवायचे नाहीत. नवे खाली, मुरलेले वर. अधूनमधून सगळे उलटेपालटे करायचे. प्रत्येक नव्या सिगारमागून नवी अडचण यायची, आणि प्रत्येक अडचण म्हणजे एक रविवार. त्रान्किलिनोची जुडी मात्र सगळ्यात वरच्या फळीवर एकटी असायची. तिला तो हात धुऊनच शिवायचा.

एका बुधवारी दुसऱ्या फ्रिजमधल्या एका सिगारला टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं. आठवड्याच्या मध्ये फोन करायचा नाही असं ठरलं होतं, तरी एलिसेओने केला. एर्मेलिंदा औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती.

"भोक? गोल?"

"गोल. खाली भुसाही पडलाय."

"भुंगेरा लागला. घाबरू नकोस. सगळे पिशव्यांत बांध आणि बर्फाच्या कप्प्यात घाल. नुसते गार करून भागायचं नाही, दगडासारखे गोठू देत. मग एकदम बाहेर काढू नकोस, पान तडकेल. आधी साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. तापातून उठलेल्या पोराला अंगणात नेतो ना, तसं."

"जुडीसुद्धा?"

"सगळं घाल, एलिसेओ. किडा ओळखपाळख बघत नाही."

आपल्या दुरुस्तीच्या दुकानातले सगळे चालू फ्रिज एलिसेओने रिकामे केले. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. पण जुडी वाचली. रविवारी एर्मेलिंदा म्हणाली, "कारखान्यात असतास तर तुला गोदामावर नेमलं असतं." त्या एका वाक्यावर त्याचा महिना गेला.

पुढे ती म्हातारी वारली. दुसऱ्या घरातलं काम जानेवारीत सुरू व्हायचं होतं, म्हणून नाताळाला एर्मेलिंदा घरी आली. बसमधून उतरली तेव्हा एलिसेओने आधी तिची पेटी ओळखली, मग तिला. ती वाळली होती, केस आखूड कापले होते. आल्या आल्या तिने उभ्यानेच गरम तोर्तियात, मक्याच्या भाकरीत, ताजं कुआहादा चीज गुंडाळून खाल्लं आणि डोळे मिटून म्हणाली, "तिकडे चीज मिळतं, पण हे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला फ्रिजपाशी घेऊन गेला.

"हे तू लावलंस?" ती हसत सुटली. "जन्मात स्वतःच्या सदऱ्याची घडी घातली नाहीस!" एकेक फळी ती बघत गेली. दोन सिगार दाबून पाहिले, वास घेतला, मान डोलावली. मग त्याने वरची जुडी काढून तिच्या हातात दिली.

तिने रिबीन सैल केली. एक सिगार काढून त्याच्या टोपीवरून, तोंडाशी डकवलेल्या पानाच्या तुकड्यावरून, अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"हे माझे नाहीत."

"असं कसं? त्रान्किलिनो म्हणाला, आमच्या टेबलावरचे..."

"टेबल तेच. मी गेल्यावर माझ्या जागी मेलानिया बसली. बघ, टोपीचं पान किती खाली ओढलंय. शेजारच्या टेबलावर होती तेव्हा यावरून रोज बोलणी खायची माझी."

मेलानिया. वरच्या आळीतल्या फिदेलिनाची लेक. कामाच्या शोधात चोरवाटेने उत्तरेकडच्या देशात जायला निघाली होती. सरहद्दीच्या अलीकडून तिचा एक फोन आला होता. त्यानंतर दोन वर्षांत काही नाही.

एलिसेओ जुडीकडे बघत राहिला. "मग तुझे कुठे आहेत?"

"माझे?" एर्मेलिंदाने फ्रिजचं दार हळूच लोटलं. "माझ्यांचा धूर झाला, वेड्या. कुठल्या कुठल्या देशात, कुणाच्या लग्नात, कुणाच्या गच्चीवर. मी एकसुद्धा ठेवला नाही. भाकरी करणारी कधी भाकऱ्या साठवते का?"

तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. तिच्या तळव्याला साबणाचा वास होता.

"राहा ना," तो म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला.

"तिकडे ती नवी म्हातारी वाट बघतेय."

"वाट बघायला इथेही एक म्हातारा आहे."

"माहीत आहे रे," ती म्हणाली, आणि तिने हात तसाच राहू दिला.

जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण झाला आणि ती गेली. बस दिसेनाशी झाल्यावर एलिसेओ घरी आला, हात धुतले, वरच्या फळीवरची जुडी कागदात गुंडाळली आणि वरच्या आळीचा चढ चढला.

फिदेलिना दारात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. "काय रे फ्रिजवाल्या? माझ्याकडे फ्रिज नाही."

"फ्रिजचं काम नाही, आजी. हे मेलानियाच्या हातचे आहेत."

म्हातारीने जुडी मांडीवर घेतली. मग तिने एक सिगार ओढून काढला आणि नाकाखालून नेला.

"कपाटात ठेवू नका," एलिसेओ घाईघाईने सांगू लागला. "वाळतात. मी एक छोटी पेटी करून देतो, आत सीडरची फळी, थोडी ओल..."

तोवर तिने टोक दाताने तोडून अंगणात थुंकलंही होतं. गुडघ्यावर हात टेकत ती उठली, चुलीतून निखारा आणला आणि गाल आत ओढत सिगार पेटवला. एलिसेओचा हात नकळत पुढे झाला होता. त्याने तो मागे घेतला.

पहिला धूर तिने वर छपराकडे सोडला. मग सिगार डोळ्यांसमोर धरून सगळीकडून फिरवून पाहिला.

"सरळ जळतोय," ती म्हणाली.

"हो."

"तू ओढत नाहीस ना?"

"नाही, आजी."

"मग बस. शेंगा सोल."

तिने टोपली त्याच्याकडे सरकवली. तो उंबऱ्यावर टेकला आणि शेंगा सोलू लागला. म्हातारी सावकाश, एकेक झुरका पुरवून, ओढत राहिली.