दीड फूट वरची लाल रेषा

पाणी उतरायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या अकराव्या फुटावर आले आणि दोन होडीवाले खालच्या गल्लीतून चिखल तुडवत शिंपीणबाईला उचलून घेऊन आले. तिच्या गळ्यात मापाची पिवळी फीत अजून तशीच होती. तिचा नवरा माझ्याजवळच्या पायरीवर उभा होता. तो रडला नाही. फितीचे टोक हातात धरून तो एवढेच म्हणाला, "तू बरोबर होतीस." मागे छत्रीखाली इंजिनियरसाहेब उभे होते. ते कारकुनाला हळूच म्हणाले, "खांबाचा फोटो काढून ठेव. आकडे स्वच्छ दिसतायत, ते येऊ दे त्यात."

मित्रांनो, तो खांब म्हणजे मी. मी नदीकाठचा एक जुना दगडी खांब आहे. नदी किती चढली ते माझ्या अंगावर वाचतात. मला एका पाथरवटाने घडवले. एकेक फूट मोजून त्याने माझ्यावर छिन्नीने रेघा मारल्या. शेवटची रेघ मारून झाल्यावर त्याने पुन्हा तळापासून मोजले आणि मग भाकरीचे गाठोडे सोडले. माणूस अडाणी होता. त्याला सही येत नव्हती. पण त्याची एक रेघ केसाने चुकली नाही. शिकलेली माणसे पुढे फार भेटली, म्हणून हे सांगितले.

माझ्या एकविसाव्या रेघेवर तांबडा रंग होता. पाणी तिथे आले की भोंगा वाजायचा. बाविसाव्या रेघेला पाणी खालच्या गल्लीत शिरायचे. मधला तासभर गल्लीतल्या माणसांचा. तेवढ्यात म्हातारी माणसे, शेळ्या, गाद्या, शिलाई मशीन, सगळे वर निघायचे. माझ्या उमेदीत असे सात वेळा झाले आणि सातही वेळा एक कोंबडीसुद्धा बुडाली नाही. लोक जाता-येता माझ्या अंगावर थाप मारायचे. एका वर्षी पाणी पंचविसाव्या रेघेला गेले, तेव्हाही गल्ली रिकामी होती.

वरच्या पायरीशी एक खोली आहे. तिथे टेलिफोन आहे. शिंपीणबाईचा नवरा तिथे नोकरीला. दर तासाला माझ्यावरचा आकडा बघायचा आणि कचेरीला कळवायचा, एवढे त्याचे काम. गावात त्याला 'पाणीवाले' म्हणत. बाई दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची, माझ्याकडे बघायची आणि त्याच्या आधी आकडा सांगायची. तो म्हणायचा, "मग पगार तूच घे ना." ती म्हणायची, "घेतेच की, पहिल्या तारखेला."

मग नदीकाठ सुंदर करायचे ठरले.

मी सुंदर नव्हतो, हे मला तोवर माहीत नव्हते. इंजिनियरसाहेब आले, माझ्या अंगावर चुनखडी, शेवाळ आणि पाथरवटाच्या रेघा बघून त्यांनी नाक मुरडले. त्यांनी माझ्या पायाभोवती दीड फूट उंचीचा चौथरा बांधला, उन्हाळ्यात लोकांना बसायला. बांधा बापडे, बसा. पण मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला. पाथरवटाच्या रेघा आत गाडल्या गेल्या. रंगाऱ्याने विचारले, "साहेब, आकडे कुठून घालू?" साहेब घाईत होते. म्हणाले, "कुठून म्हणजे? जमिनीपासून."

रंगाऱ्याची जमीन म्हणजे तो नवा चौथरा. त्याने तिथे शून्य घातले. त्याच्यापासून एक, दोन, तीन, आणि एकवीसवर लाल रेषा. अक्षर मात्र मोत्यासारखे. अशी माणसे मला पुष्कळ माहीत आहेत. अक्षर मोत्यासारखे आणि शून्य चुकीच्या जागी.

अशा रीतीने माझा प्रत्येक आकडा दीड फूट वर सरकला आणि मी खोटारडा झालो. खरे एकवीस फूट पाणी आले की मी साडेएकोणीस सांगू लागलो. उद्घाटनाला टाळ्या वाजल्या.

चूक कोणाच्या लक्षात आली? कचेरीतल्या अकरा माणसांच्या नाही. ती शिंपीणबाईच्या लक्षात आली. डबा घेऊन आली, पायरीवर थबकली आणि म्हणाली, "अहो, याची उंची कमी झालीय." नवरा हसला. "खांब काय म्हातारा होऊन वाकला?" तिने गळ्यातली फीत काढली, पायऱ्या उतरत माझ्या डोक्यापासून चौथऱ्यापर्यंत धरली, चार वेळा खूण करून उतरवली. पाथरवटाने केलेली माझी उंची तिला पाठ होती. फरक दीड फुटाचा आला. तिने पुन्हा मोजले. पाथरवटानंतर मला दोनदा मोजणारे माणूस ते पहिलेच.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. तिथले नवऱ्याने मला नंतर सांगितले, मला पाठ टेकून. साहेबांनी तिच्या गळ्यातल्या फितीकडे बघितले आणि म्हणाले, "बाई, फ्रॉकच्या मापाची फीत घेऊन नदी मोजायला निघालात? आता नदीला बाही केवढी लावायची तेवढं सांगून टाका." कारकून पोट धरून हसला. बाई म्हणाली, "बाही चुकली तर उसवता येते, साहेब. तुम्ही काय उसवणार आहात?" तेव्हा हसणे थांबले. पण चौथरा फुटला नाही, आकडे बदलले नाहीत. चौथरा फोडायचा म्हणजे चुकला हे लिहून द्यावे लागते आणि साहेबांच्या हाताला ते शब्द लिहायची सवय नव्हती.

नवऱ्याने एकदा स्वतःच दीड फूट मिळवून आकडा कळवला. त्याला कागद आला. "खांबावर जे लिहिले आहे तेच कळवावे. अधिक शहाणपणा करू नये." त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून जे लिहिले आहे तेच कळवू लागला. मी त्याच्या बाजूचा आहे, तरी हे सांगतो. त्या कागदाला तो घाबरला, हे खरे आहे. तोही नाकारत नाही.

पुढच्या पावसाळ्यात सलग चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी वादळ आले. पत्रे उडाले, विजेच्या तारा तुटल्या, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. दहा वाजता बाई भिजत आली.

"किती?"

"साडेएकोणीस."

"म्हणजे एकवीस. भोंगा वाजवायला सांगा."

त्याने टेलिफोन लावला. वाऱ्यामुळे तो ओरडूनच बोलत होता, ते मला खाली ऐकू येत होते. "साहेब, खरं पाणी एकवीस आहे! हो, खांबावर साडेएकोणीस लिहिलंय, पण... नाही साहेब. बरं साहेब." त्याने रिसीव्हर ठेवला.

बाई त्याला एकही शब्द लावून बोलली नाही. म्हणाली, "तुम्ही टेलिफोन सोडू नका. मी गल्लीत जाते."

गल्लीत बत्तीस घरे. तिने प्रत्येक दार वाजवले. लोक निघाले, कारण गल्लीतल्या प्रत्येकाचे माप तिच्या वहीत होते आणि तिचे माप चुकत नाही हे त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना माहीत होते. एकतीस घरे निघाली. राहिला तो भट्टीवाला, पाव भाजणारा. तो दारात हाताची घडी घालून उभा राहिला. "भोंगा वाजलाय का? नाही ना? मग? भट्टी तापलीय माझी. सरकारपेक्षा तुला जास्त कळतं होय?"

"कळतं," ती म्हणाली. "चला."

तो हलला नाही आणि ती त्याला सोडून गेली नाही. माझ्यावरच्या रंगाऱ्याच्या आकड्याने एकवीस दाखवले तेव्हा भोंगा वाजला. तोवर गल्लीत अर्धा फूट पाणी होते आणि भट्टीवाल्याच्या घरी कमरेएवढे, कारण त्याचे घर सगळ्यात खाली. बाईने त्याला शिडीवर ढकलले. तो पत्र्यावर पोचला. मग मागची भिंत शिडीवर पडली.

भट्टीवाला आता चौथऱ्यावर बसून लोकांना सांगतो, "माझं नशीबच बळकट." नशीब! त्या नशिबाला दोन हात होते, गळ्यात फीत होती आणि ते भिंतीखाली गेले. पण त्याला तसे म्हणायला लाज वाटते, म्हणून नशीब म्हणतो.

चौकशी झाली. अहवालात लिहिले आहे की पाणी साडेचोवीस फुटांपर्यंत चढले, म्हणजे मागच्या मोठ्या पुरापेक्षा अर्धा फूट कमीच, आणि भोंगा नियमाप्रमाणे एकवीस फुटांना वाजला. सगळे माझ्याच आकड्यांवरून. माझाच फोटो जोडलेला आहे. खरे पाणी सव्वीस फूट होते, एवढे कधीच चढले नव्हते. मी दगड आहे, नाहीतर साक्ष दिली असती.

मागच्या महिन्यात साहेब पुन्हा आले. सोबत संगमरवरी पाटी होती. शिंपीणबाईच्या धैर्याला वंदन, असे तिच्यावर कोरले होते. ती पाटी त्यांनी चौथऱ्यात सिमेंटने पक्की बसवली. त्याच चौथऱ्यात. साहेबांनी फुले वाहिली आणि नवऱ्याला म्हणाले, "आता तरी समाधान आहे ना, काका?"

तो म्हणाला, "पाटी घरी न्या. चौथरा फोडा."

"अहो, आता कसा फोडायचा? त्यावर काकूंची पाटी आहे."

नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरने माझा गिलावा खरवडायला सुरुवात केली आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत. पाथरवटाची एक रेघ हातभर दिसू लागली होती. त्याला सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची नोटीस आली आणि रंगारी येऊन ती जागा पुन्हा लिंपून गेला. या वेळी नवऱ्याने नोटीस खिशात ठेवली नाही. माझ्यावर चिकटवली. आता तो टेलिफोनवर दोन आकडे सांगतो. "खांबावर चार. खरे साडेपाच." पलीकडची मुलगी वैतागते, "काका, रकाना एकच आहे, एकच सांगा." तो दोन्ही सांगतो. ती पहिला लिहिते.

मित्रांनो, मला हार घालू नका, माझ्याबरोबर फोटो काढू नका. तुमच्या गावात असा खांब असेल तर त्याचे शून्य कुठे आहे ते मोजून बघा. घरातली फीत चालते. आणि कोणी हसले तर पुन्हा मोजा.

पावसाळ्याला सात आठवडे उरले आहेत. माझी लाल रेषा अजून दीड फूट वरच आहे.