दाराबाहेरचे बंधू

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एका लांबट खोलीत बाकावर बसला आहात. समोर जाडजूड लाकडी दार आहे, बंद. आतून माणसांचे आवाज येतात, पण शब्द कळत नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर एक आजोबा बसले आहेत आणि त्यांच्या मांडीवर तलवार आहे. खरीखुरी तलवार! आता खरं सांगा, तुम्ही गप्प बसाल?

भुंगाही बसली नाही. भुंगा हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. ती इतके प्रश्न विचारायची की ऐकणाऱ्याच्या डोक्यात भुंगा शिरल्यासारखं व्हायचं, म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. त्या दिवशी तिच्या आईची रुग्णालयात संध्याकाळची पाळी होती आणि शेजारच्या मावशी गावाला गेल्या होत्या. म्हणून बाबांनी तिला बरोबर आणलं होतं.

"आजोबा, तुम्ही कोण?"

"मी टायलर."

"मग शिलाई मशीन कुठाय?"

"अगं, टेलर नव्हे, टायलर! हे फ्रीमेसन लोकांचं लॉज आहे. लॉजच्या दाराबाहेर जो पहारा देतो, तो टायलर."

"असं होय. मला वाटलं, तलवारीने कापड बेतता."

बाकावर बसलेले बसकाका खो खो हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाले. इथे मोठ्याने हसायचं नसतं.

आता तुम्ही विचाराल, फ्रीमेसन म्हणजे कोण? फार जुन्या काळी मोठमोठ्या इमारतींचे दगड घडवणारे कारागीर होते. ते एकमेकांना भाऊ मानत, एकमेकांच्या अडचणीला धावून जात. फ्रीमेसन स्वतःला त्यांच्या वळणाचे म्हणवतात. आता ते दगड घडवत नाहीत. दगडाला घडवतात तसं स्वतःला घडवायचं, असं म्हणतात. कमरेला पांढरा एप्रन बांधतात, एकमेकांना बंधू म्हणतात, आणि त्यांच्या तीन पायऱ्या असतात. आधी शिकाऊ, मग कारागीर, मग उस्ताद. उस्तादांचं काम सुरू झालं की शिकाऊंनी उठून बाहेर यायचं आणि परत बोलावेपर्यंत बाकावर बसायचं.

भुंगाचे बाबा शिकाऊ होते. दिवसभर ते लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत. त्यांच्या शेजारी दंतकाका, म्हणजे नुकताच दवाखाना थाटलेले दातांचे डॉक्टर. पलीकडे शाळेची बस चालवणारे बसकाका. आणि बाकाच्या टोकाला रिकामी जागा. ती रंगकाकांची, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या काकांची. चौघे एकाच वर्षी लॉजमध्ये आले आणि या बाकावर बसून बसूनच त्यांची गट्टी जमली. आत काय शिकले कोण जाणे, पण बाहेर एकमेकांच्या घरची दुखणीखुपणी त्यांना पाठ झाली होती.

"रंगकाका अजून पडलेलेच का?" भुंगाने विचारलं.

"परातीवरून पडले होते गं," बाबा म्हणाले. "पाय मोडलाय. प्लास्टर निघायला वेळ आहे."

"परातीवरून?"

"अगं परातीवरून नाही, परांचीवरून. बांबूच्या. माझी जीभ घसरली."

"रंगकाकांचा पाय, तुमची जीभ," भुंगा म्हणाली. मग तिने टायलर आजोबांकडे मोर्चा वळवला. "आत आता काय चाललंय?"

"गुपितं सांगायची मला मुभा नाही. पण हे काही गुपित नाही. आधी प्रमुख विचारतात, कुणी बंधू आजारी आहे का, कुणी अडचणीत आहे का? कुणी असेल तर लॉज त्याच्या घरी जातं. मग जे शिकाऊ न कळवता तीनदा गैरहजर राहिले, त्यांची नावं काढायचा ठराव मांडतात. मग सोहळा. आज एका कारागिराला उस्ताद करायचंय, ते लांबतं. शेवटी हात वर करून मतं."

बाबा ताडकन उठले.

"काय म्हणालात? आजारी कोण, हा प्रश्न आत्ता विचारतात?"

"नेहमी आत्ताच विचारतात."

"आम्हाला बाहेर काढल्यावर?"

टायलर आजोबांनी होकाराची मान डोलावली.

काय घोटाळा झाला होता, बघा. रंगकाकांनी पाय मोडल्याचं या तिघांना कळवलं होतं. तिघांनी फळं नेली, उशा नेल्या, आळीपाळीने डबे नेले. पण लॉजमध्ये रीत अशी की शिकाऊने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तिघे शहाण्या मुलांसारखे वाट बघत होते, की कुणीतरी विचारेल आणि मग आपण सांगू. आणि विचारणारे दर सभेला विचारत होते. फक्त, ज्यांना उत्तर ठाऊक होतं ते त्या वेळी या बाकावर असत!

"म्हणजे आज रंग्याचं नाव काढणार," बसकाका म्हणाले.

"काढलं तर काढलं. नावात काय आहे एवढं?" भुंगाने विचारलं.

दंतकाका तिच्यासमोर उकिडवे बसले. "रंगकाकांना घरी कुणी नाही, ठाऊक आहे ना? एकदा मला म्हणाले, डॉक्टर, जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली. माझं नाव आवडीने कुणी लिहिलं असेल, तर ते इथल्या भिंतीवरच्या बंधूंच्या फळ्यावर. तेवढंच."

भुंगाने वळून भिंतीवरच्या फळ्यावर रंगकाकांचं नाव शोधलं.

बाबांनी एप्रनची गाठ घट्ट केली. "टायलरकाका, दार ठोका. आम्हाला बोलायचंय."

"मधेच दार ठोकायचा हक्क फक्त माझा, आणि शिकाऊंसाठी मी तो वापरायचा नाही, असा नियम आहे." आजोबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "दार वाजलं तर आतलं काम थांबवून उघडावंच लागतं, असाही नियम आहे. आणि माझे गुडघे दुखतात, मला कुणाला धावत जाऊन अडवता येत नाही, हा काही नियम नाही. पण आहे खरं."

बाबांनी दार ठोकलं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस ठोकतो ना, तसं.

आतले आवाज बंद झाले. दार वीतभर उघडलं आणि स्वतः प्रमुखच बाहेर आले. उंच, ताठ, गळ्यात रुंद निळी पट्टी. हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणसाला आपला गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं.

"काय चाललंय हे?"

"सर, पाट्या रंगवणारे बंधू आजारी आहेत," बाबा म्हणाले. "पाय मोडलाय. आम्हाला विचारलंच नाही कुणी, म्हणून सांगता आलं नाही."

"आत विचारलं तेव्हा कुणी हात वर केला नाही."

"कसा करणार? हात बाहेर होते!" बसकाका म्हणाले.

प्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्यांनी चिटणीसांना कळवायला हवं होतं. ठराव मांडून झालाय. सोहळ्यानंतर मतं होतील. पुढच्या वर्षी त्यांनी नव्याने अर्ज करावा."

"मग आम्हाला आत घ्या. मतांआधी आम्ही सांगतो."

"आत उस्तादांचं काम चालू आहे. शिकाऊंना येता येणार नाही."

"आम्हाला वर चढवता येत नसेल, तर तुम्ही खाली उतरा, सर," दंतकाका म्हणाले. "उस्तादांचं काम थांबवून लॉज पहिल्या, शिकाऊंच्या पायरीवर आणता येतं. दर सभेच्या शेवटी आणताच की."

"मी कधी काय आणायचं ते तुम्ही शिकवू नका. डॉक्टर, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. तुम्हाला थोडा धीर धरायला हवा."

"घाव सोसतो की! पण दगड आत घेतल्याशिवाय टाकी मारणार कुठे? आमच्या आधीच्या वर्षी किती शिकाऊ आले होते? त्यातला एक तरी दिसतोय का या बाकावर? सगळे कंटाळून गेले, आणि तुम्ही आत बसून म्हणता, आजकालची मुलं टिकत नाहीत."

आतून कुणीतरी खोकललं.

"एप्रन काढून ठेवा आणि घरी जा," प्रमुख थंडपणे म्हणाले. "पुढच्या सभेला डोकं शांत करून या."

"एप्रन कामाचा असतो, सर," बाबा म्हणाले. "काम व्हायचंय अजून."

दार बंद झालं.

टायलर आजोबा छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"सोहळा लांबतो म्हणालात ना?" बाबांनी विचारलं.

"बराच."

"चला," बसकाका म्हणाले. "खाली माझी गाडी उभीच आहे."

अशी ती वरात निघाली. पिवळ्या शाळेच्या बसमध्ये पांढरे एप्रन बांधलेले तीन बापये आणि एक मुलगी. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "कुठल्या हॉटेलचे हो तुम्ही?"

रंगकाका एका दुकानाच्या माडीवर राहत. खाटेवर पडून ते छतावर डोळ्यांनीच अक्षरं काढत होते. सगळं ऐकल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाऊ द्या रे. माझ्यापायी तुमचंही जाईल."

"जाईल तर जाईल," बाबा म्हणाले.

"मी असा लुंगीवर कसा येऊ?"

"पॅन्ट प्लास्टरवरून चढत नाही, हे वैद्यकीय सत्य आहे," दंतकाका म्हणाले. "लुंगीवरून एप्रन बांधू."

"आणि इथला जिना? तिथला जिना?"

"जन्मभर मी लोकांना वर नेलं," बाबा म्हणाले. "आज एक वेळ बिनलिफ्टची."

रंगकाकांनी आणखी एकदा नाही म्हटलं. मग हळूच विचारलं, "माझा एप्रन त्या खुंटीवर आहे, बघ. इस्त्री आहे ना त्याला?"

तिघांनी रंगकाकांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. दोघे दोन बाजूंना आणि दंतकाका पुढे, मोडका पाय हातांवर तोलून. तिघांतला एक जरी सुटला असता तरी खुर्ची कोसळली असती. लॉजचा जिना चढताना बसकाका म्हणाले, "रंग्या, तुझं वजन किती रे?" रंगकाका म्हणाले, "प्लास्टर धरून की सोडून?" तेव्हा त्यांना मधल्या पायरीवर थांबावं लागलं, कारण हसताना माणसाच्या हातातला जोर जातो.

वर पोचले तेव्हा आतला सोहळा नुकताच संपला होता. टायलर आजोबांनी खुर्चीतल्या माणसाला खालपासून वरपर्यंत निरखलं. मग ते उठले, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि या वेळी दार त्यांनी स्वतःच ठोकलं. "आजारी बंधू आलाय!" एवढंच ओरडले.

दार उघडलं. या वेळी ते पुरतं उघडलं, म्हणून भुंगाला आतलं दिसलं. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, आणि भिंतीला लागून बसलेले पिकल्या केसांचे कितीतरी आजोबा. सगळे माना वळवून बघत होते.

प्रमुख दारात आले. खुर्ची बघितली, प्लास्टर बघितलं. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण आवाज तसाच राहिला.

"बंधू, तुम्ही वेळेवर कळवायला हवं होतं."

रंगकाकांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी एप्रनची कड सारखी केली आणि म्हणाले, "कळवलं होतं, सर. ह्या तिघांना. बंधूंना सांगितलं म्हणजे लॉजला सांगितलं, असं मला वाटलं. ते बंधू नाहीत का?"

आतले एक आजोबा चष्मा काढून पुसू लागले.

"याचा विचार पुढच्या सभेत करू," शेवटी प्रमुख म्हणाले. "मतं आज होऊ द्या. नियम मला एकट्याला मोडता येत नाही." आणि त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

तेव्हा भुंगा पुढे झाली आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"बाळ, ऊठ तिथून. दार लावायचंय."

"लावा की. मी काही धरून ठेवलेलं नाही."

बाबा तिला उठवायला गेले नाहीत. त्यांचे हात खुर्चीला गुंतले होते, आणि ते मोकळे असते तरी गेले असते असं मला वाटत नाही.

"प्रमुख," चष्मा पुसणारे आजोबा आतून म्हणाले, "दार लावायचं तर पोरीला उचलावं लागेल. कोण उचलतंय? मी तर नाही."

"मीही नाही," दुसरे म्हणाले. तिसरे नुसतेच खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी हाताची घडी घातली.

प्रमुखांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग ते आपल्या जागेवर गेले, समोरचा लाकडी हातोडा उचलून आपटला आणि म्हणाले, "लॉज पहिल्या पायरीवर येत आहे." मग दाराकडे बघून म्हणाले, "पाय मोडलेल्या बंधूंनी आत यावं. मतांआधी लॉज त्यांचं ऐकेल. बाकीच्यांनी बाहेर थांबावं."

"ते जमायचं नाही, सर," रंगकाका म्हणाले. "एकट्याने मला येता येत नाही. मला आणायला तिघं लागतात."

खोलीत हशा उसळला. प्रमुख हसले नाहीत. मग त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि हाताने या अशी खूण केली.

बाबांनी, बसकाकांनी आणि दंतकाकांनी खुर्ची नीट पेलली आणि उंबऱ्यापाशी आणली. उंबऱ्यावर भुंगा होती.

भुंगाने आधी प्रमुखांकडे पाहिलं, मग दाराच्या कडीकडे पाहिलं. ती उठली नाही. चौघांना जाता येईल एवढी ती फक्त एका बाजूला सरकली, आणि उघड्या दाराला पाठ टेकून तिथेच बसून राहिली.