पाचवी खोड

आश्रुबानं लारीच्या पुढच्या झाकणावर तळहात ठेवला. झाकण थंडगार होतं. तेवढ्यानं त्याचे डोळे आणखीच बारीक झाले. सकाळपासून सुरू केली नाही, की सुरू होतच नाही?

लारी तलवाड्याच्या मोहनरावांच्या गोठ्यापुढे उभी होती. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा लाकडी हौदा. निजामाच्या या मुलखात मोटार दिसली की अजून पोरंसोरं मागे धावायची. मोहनरावांनी हैदराबादेहून नवी मागवली, म्हणून ही जुनी विकायला काढली होती. ती घेऊन वडवणीच्या बाजाराचा माल बीडला वाहायचा, असं आश्रुबाचा मेहुणा शहादेव याच्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी त्यानं सगळी मेंढरं विकून टाकली होती. आता लारी खोटी निघाली, तर हातात नुसती काठी उरणार होती.

म्हणून तो आश्रुबाला घेऊन आला होता. आश्रुबा बैलपारखी. त्याचा हात पाठीवरून फिरल्याशिवाय गावातला कुणी बैल घेत नसे. मोटारीतलं मला काही कळत नाही, हे मेहुण्याला सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. लोक आपल्याला एकाच कामासाठी विचारतात, तिथंच नाही कसं म्हणायचं?

मोहनरावांचा ड्रायव्हर गहिनीनाथ हात पुसत आला आणि कुणी विचारायच्या आत सांगू लागला. पाण्याची टाकी पाझरते, मोठा चढ आला की थांबून पाणी घालावं लागतं. दुसरा गेर निसटतो, दांडा गुडघ्यानं दाबून धरायचा. ब्रेक एका दाबाला लागत नाही, दोनदा दाबायचा. थंडीत सुरू करताना पुढचं हँडल उलटं फिरतं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर मनगट गेलंच म्हणून समजा.

शहादेव मान डोलवत होता. आश्रुबा मात्र सावध झाला. बैलबाजारात उभा जन्म गेला, पण आपल्या जनावराची खोड आपणहून सांगणारा विकणारा त्याला भेटला नव्हता. एकच भेटला होता. त्यानं बैलाचा फाटका कान आधी दाखवला, आणि पुढे तो बैल जू मानेवर आलं की खाली बसायचा.

आश्रुबानं हौद्यात जोंधळ्याची पोती भरायला लावली. लारी खोकली, थरथरली आणि नाल्याचा चढ चढून परत आली. तो खाली वाकला, तेलाचे थेंब बोटानं टिपले, हुंगले. गाडीबरोबर तूही येणार का, असं त्यानं गहिनीनाथला विचारलं. नाही, तो नवी मोटार हाकणार होता. म्हणजे सांगण्यात याचा लाभ काहीच नाही. मग तर नक्कीच काहीतरी होतं.

शहादेवनं त्याला कडब्याच्या गंजीआड नेलं.

"दाजी, गाडी तर चालली की."

"चालली. पर चार खोडी आपून होऊन सांगितल्या त्यानं. पाचवी हाय कुठंतरी. मला घावली न्हाई, पर हाय."

"मंग?"

"नको घिऊ."

शहादेवनं लारी घेतली नाही. वडवणीच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. मेंढरांच्या पैशाला हळूहळू पाय फुटले आणि शहादेव दुसऱ्यांची मेंढरं राखू लागला. लारीचा भोंगा वाजला की तो कळप कडेला घ्यायचा आणि धुरळा बसेपर्यंत थांबायचा. बहिणीच्या घरी तो येई, भाकरी खाई, लारीचं नाव काढत नसे. आश्रुबा मात्र दर बाजारी कान देऊन असे. आज बंद पडेल, उद्या पडेल. लारी चढावर थांबे, पाणी पिई आणि पुढे जाई.

अशी तीन वर्षं गेली. एकदा गेवराईला गहिनीनाथ भेटला, तेव्हा आश्रुबानं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

"खरं सांग गहिनीनाथा. पाचवी खोड कोणती व्हती?"

"कसली पाचवी, आबा? न्हवती."

"मंग चार कावून सांगितल्या? कुणी इचारलं व्हतं का तुला?"

गहिनीनाथ गोंधळला. "घेणाऱ्याला ठावं नसलं, तर पयल्याच चढाला आडकून बसला असता की."

आश्रुबा घरी आला, पण गहिनीनाथ भेटल्याचं त्यानं बायकोपासून, भामाबाईपासून, लपवलं.

पुढल्या साली शहादेवनं बटईनं, पिकाच्या वाट्यावर, जमीन केली. वडवणीच्या बाजारात आश्रुबाला तो लांबून दिसला. एका पांढऱ्या बैलाचा जबडा उघडून तो स्वतःच दात बघत होता. बैलाला दोन पावलं चालवलं, तेव्हा त्याचा मागचा पाय जरासा ओढल्यासारखा दिसला. दिसला, की आपल्याला तसा वाटला? आश्रुबानं डोळे चोळून पुन्हा बघितलं. कधी वाटे ओढतोय, कधी वाटे नाही.

इतक्यात शहादेवनं मान वर केली आणि कुणाला शोधावं तशी गर्दीवरून नजर फिरवली.

आश्रुबा एका गाडीच्या आडोशाला सरकला आणि सौदा होईपर्यंत तिथेच उभा राहिला.