धाकल्याची साक्ष

मुलगा मनोज सरपंच झाला तर तुळशीराम पाटलांच्या पदरात काय पडणार होतं, याची बेरीज त्यांनी एव्हाना वीसेक वेळा तरी करून पाहिली असेल. गोदामाच्या परवानग्यांसाठी परक्याच्या दारात चपला काढायला नकोत. शेलार गावाच्या पुढे रस्त्याला लागून नुसतं गवत वाढवत पडलेली जमीन एकदाची भाड्यानं जाईल. नात रुचिकाच्या लग्नपत्रिकेवर तिच्या बापाचं नाव पदासकट छापता येईल. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे, गावात ज्या दोन-चार लोकांना मनोजबद्दल नऊ वर्षांपासून शंका होती, तेच त्याला हार घालायला पुढे येतील. खर्चाच्या बाजूला काय, तर एक अर्ज, थोड्या जेवणावळी आणि चुलतभावांचे रुसवेफुगवे. सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांनी गांजलेल्या माणसाला यापेक्षा स्वस्त सौदा आणखी कोण देणार होतं?

मग गुरुवारी धामणकर नाक्यावर लडकू भेटला. लडकू शेअर रिक्षा चालवतो, पण त्याचा जीव खरा रमतो तो इकडची बातमी तिकडे पोचवण्यात, आणि त्याचं भाडंही तो घेत नाही. दिघाशीच्या पाड्यावरचा धाकल्या रविवारी साक्ष देणार, असं त्यानं सांगितलं.

"कसली साक्ष?"

"ते काय म्हाईत न्हाय, शेठ. पन्नास मानसांसमोर देनार म्हनतो. गोदामाचं, तुरुंगाचं, सगलं."

तुळशीरामांनी चहा अर्धाच ठेवला. पैसे मात्र पुऱ्या चहाचे द्यावे लागले.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या गोदामातून एका भाडेकरू व्यापाऱ्याच्या सुताच्या चाळीस गोण्या गेल्या होत्या. धाकल्या तेव्हा तिथे राखणदार. गोण्या टेम्पोत भरून विकल्या त्या मनोजनं, क्रिकेटच्या सट्ट्यात बुडाला होता म्हणून. हे तुळशीरामांना दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच कळलं होतं. पण व्यापाऱ्याला चोर हवा होता, आणि तुळशीरामांना मुलगा एकच होता. राखणदार काय, दुसरा मिळतो. त्यांनी चौकीत जाऊन धाकल्याचं नाव दिलं. पाड्यावर कुणाच्याच नावावर सातबारा नव्हता, त्यामुळे जामीन राहायला कुणी मिळालं नाही आणि धाकल्या आठ महिने आत राहिला. शेवटी पुरावा नाही म्हणून सुटला. त्या आठ महिन्यांत तुळशीरामांनी त्याच्या घरी दोनदा तांदूळ पाठवला होता. हा तांदूळ ते अजूनही मनात स्वतःच्या जमेला धरत.

वकिलांना फोन केला, तर ते म्हणाले केस केव्हाच संपली, आता साक्ष कसली? पण माणूस नव्यानं जबाब देणार असेल तर सावध राहा. बायकोचा, कमळाबाईंचा सल्ला वकिलापेक्षा उपयोगाचा निघाला. मनोजला धाडू नका, तो तोंड उघडेल आणि होतं तेही बिघडवेल, तुम्हीच जा, असं त्या म्हणाल्या. तुळशीरामांनी ठरवलं, की धाकल्याच्या नावावर जागा करून द्यायची. अर्ध्या गुंठ्यापासून सुरुवात, फारच ताणलं तर एका गुंठ्यावर थांबायचं.

रविवारी सकाळी ते पाड्यावर पोचले तेव्हा त्यांना वाटलं होतं की एखादा वकील असेल, पेपरवाला असेल, मोबाईल धरून उभी राहिलेली पोरं असतील. निघाली ती पत्र्याची शेड, खाली सतरंज्या, एक ढोलकी, एक खंजिरी आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. पुढे काळं पुस्तक हातात घेऊन शैलेश उभा होता. हा आठवडाभर धामणकर नाक्यावर मोबाईल दुरुस्त करतो आणि रविवारी पाड्याचा पास्टर असतो. तुळशीरामांच्या फोनची बॅटरी त्यानंच बदलली होती. त्यानं धावत येऊन त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली.

"इथं साक्ष कोणापुढे द्यायची?" तुळशीरामांनी जपून विचारलं.

शैलेश हसला. कोर्टाची नाही शेठ, म्हणाला, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते आम्ही मंडळीसमोर उभं राहून सांगतो, त्यालाच आमच्यात साक्ष म्हणतात, दर रविवारी कुणी ना कुणी देतंच.

तुळशीरामांचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा वरच अडकला. देवानं काय केलं हे सांगायचं तर माणसांनी काय केलं तेही निघणारच.

गाणी झाली, मग शैलेश बोलायला लागला आणि पहिल्याच वाक्यात खंडणी निघाली. तुळशीराम सावरून बसले. भिवंडीत जन्म गेलेल्या माणसाला खंडणी कुणी शिकवावी लागत नाही. मागतो तो जबर, भरतो तो लाचार, आणि फोन नेहमी अनोळखी नंबरवरून येतो. शैलेशचं म्हणणं मात्र भलतंच होतं. आपण सगळे पापाच्या ताब्यात अडकलो होतो, म्हणे. देवानं मनात आणलं असतं तर एका फुंकरीत सगळ्यांचा निकाल लावला असता, ताकद तेवढी होतीच. पण मारून टाकायला काय ताकद लागते? जे हातचं गेलं ते सोडवून परत आणायचं, आणि त्याची किंमत स्वतः मोजायची, हे ज्याला जमतं तोच सर्वसमर्थ. त्यानं आपल्या एकुलत्या एका मुलाचा जीव दिला आणि परक्यांना सोडवलं.

तुळशीरामांना आधी वाटलं, हा देव धंद्यात दोन दिवस टिकायचा नाही. सत्ता ज्याच्या हातात तो वसूल करतो, भरत बसत नाही. मग मुलाचं वाक्य त्यांच्या ध्यानात उतरलं आणि खुर्चीत बसून बसून पाठ दुखायला लागली. त्यांनीही एकुलत्या एका मुलाचा व्यवहार केला होता. फक्त त्यांनी मुलगा राखला होता आणि परका दिला होता.

धाकल्या उठला. पन्नाशीचा, वाळकासा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. तुळशीरामांना बघून तो दचकला नाही, की खूशही झाला नाही. पाव्हण्याला बघावं तसं त्यानं बघितलं.

"गेट मीच उघडलं व्हतं," तो म्हणाला. "एक बाटली मिलाली, उघडलं. नऊ वर्सं मी सांगत आलो का माजा काय दोष न्हाय. ते खोटं हाय. आत व्हतो तवा मी रोज एकाच मानसाला मारायचो, मनातल्या मनात. सुटल्यावर कोयता घेऊन दोनदा त्याच्या वाटंला बसलो. दोनी टायमाला इतका प्यालेला व्हतो, का तो गेला तरी मना उठता आलं न्हाय."

बायका पदराआड हसल्या. शैलेशही हसला.

"मंग प्रभूनं माजी खंडणी भरली. दारू सुटली. मी म्हनतो, मना कोन सोडवील? पोलीस सोडवील, कोरट सोडवील, पन कोयता हातातनं कोन सोडवील? ती ताकद मानसाची न्हाय."

मागून एका म्हातारीनं विचारलं, "पन गेट उघडलंस कुनासाठी रं?"

खंजिरी वाजवणारीनं खंजिरी मांडीवर ठेवली. तुळशीरामांना वरच्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे हे ऐकू यायला लागलं. सरपंचपद, रस्त्यालगतची जमीन, पत्रिका, सगळं त्या म्हातारीच्या बोळक्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

"ते नाव मी देवाला सांगून मोकला झालो, आये," धाकल्या म्हणाला. "आता त्याचं तो बघंल."

सगळे हालेलुया म्हणाले. तुळशीरामांना उठून सरळ गाडीत जाऊन बसायचं होतं, पण गुडघे लगेच उठेनात, आणि तेवढ्यात धाकल्या त्यांना चहाला बोलवायला आला.

शेडच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर त्याची बायको मंगळी कोरा चहा उकळत होती. ती सभेत बसत नाही. तिचा देव पाड्याच्या वेशीवरचा वाघदेव, तो तिला पुरतो. तुळशीरामांनी गुंठ्याचं बोलून टाकलं. अर्ध्यापासून सुरुवात करायची विसरले, एकदम पुराच बोलले. उत्तर मंगळीनं दिलं.

"न्हाय नको, शेठ. गुंठा घेतला तं आठ महिनं इकल्यासारकं व्हतील."

मग नाव का नाही घेतलंस, असं त्यांनी धाकल्याला विचारलं. धाकल्यानं हे उत्तर बहुतेक आधीच स्वतःला पुष्कळदा देऊन ठेवलेलं असावं.

"भरलेलं हाय, शेठ. भरलेलं परत वसूल केलं तं मी चोर ठरंन. या टायमाला खराखुरा."

"ह्याच्या देवानं ह्याचं भरलं," मंगळी म्हणाली. चुलीतलं लाकूड पुढे सारायला तिनं डावा हात वापरला. "मी आठ महिनं भट्टीवर इटा वायल्या. उजवा खांदा आजून वर जात न्हाय. थोरल्या पोरीनं, पूर्वानं, धाकटीला सांभालायला सातवीतनं शाला सोडली. तिचं कोन भरनार, ते त्या पुस्तकात आसंल तं सांग मना."

धाकल्यानं तिच्या हातातलं लाकूड घेऊन स्वतः पुढे सारलं. उत्तर नसताना देण्याची सवय त्याची सुटली होती.

तुळशीरामांना फार थकल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं एकच ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत आल्यासारखं.

"तक्रार खोटी होती, मंगळे," ते म्हणाले. "मला माहीत होतं, आणि मी दिली."

मंगळीनं चहा गाळला. "आमाला म्हाईतच हाय. तुमच्या तोंडून पायजे व्हतं." मग कप पुढे करून म्हणाली, "आनि ज्यानं टेंपो आनला, त्याच्या तोंडून?"

घरी मनोज ओसरीवरच वाट बघत होता. "कितीला मिटलं?" त्यानं विचारलं.

"त्यानं काही मागितलं नाही."

मनोजला हे फारच आवडलं. मग उद्या अकराला तहसीलला निघू, म्हणाला, सूचक म्हणून तुमची सही लागेल. तुळशीराम म्हणाले, सही करतो, पण आधी दिघाशीला जा आणि मंगळीसमोर सांग, टेम्पो कुणाचा होता ते. तिच्या एकटीसमोर सांगितलंस तरी चालेल.

"बाबा, तिथं पाजलं काय तुम्हाला?"

"कोरा चहा."

मनोजनं बापाला चांगलं ओळखलं होतं. रात्रीत विरघळतील, असा त्याचा अंदाज. पण सोमवारी अकरा वाजले तरी तुळशीराम गादीवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. पाटील सही करत नाहीत हे कळल्यावर चुलतभावांनाही अचानक कामं निघाली. कमळाबाई दोनदा येऊन सांगून गेल्या, अवो, तीनला मुदत संपते. दोन्ही वेळा ते एवढंच म्हणाले, की मला दमायला झालंय. तीन वाजले. मनोज तहसीलला गेला नाही, आणि दिघाशीलाही गेला नाही.

तर एकूण भरणा असा. धाकल्यानं आठ महिने भरले. मंगळीनं खांदा भरला आणि पूर्वानं शाळा. तुळशीरामांनी सरपंचपद भरलं, पण ते नऊ वर्षं उशिरा आणि तेही मुलाच्या खिशातून, म्हणून निम्मंच धरावं. ज्याच्यापायी हे सगळे भरत बसले त्या मनोजच्या नावापुढे काहीच नाही, आणि तरी आपण लुटले गेलो असं तोच सांगत फिरतो. धाकल्याला विचाराल तर तो ही यादीच मानणार नाही, भरणारा एकटाच होता आणि त्यानं सगळ्यांचं भरलं, मनोजशेठचंसुद्धा, असं म्हणेल. मंगळी म्हणते, आसंल, पन दुखतो त्यो माजा खांदा.