लाभाचं मापटं

मी मापटं बोलतंय. अर्ध्या शेराचं, लोखंडी पत्र्याचं, कंबरेला पितळी पट्टी असलेलं. हल्लीची पोरं मला पेनं ठेवायचा डबा समजतील, म्हणून आधीच नाव सांगून टाकलं!

ओतूरच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि तिथल्या बाजारातून शिनोलीच्या सोनीबाईनं घरी आणलं. सोनीबाईचा जन्म भातशेतीत गेला. चुलीवर आधण ठेवलं की तिचा हात माझ्याकडे यायचा. मला तांदळानं भरायचं, वरून तळवा फिरवायचा आणि ओतताना म्हणायचं, "लाभ." त्यानंतर दोन, तीन. पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत. एक म्हणून मोजायला लागलं की धान्य संपायलाही लागतं, असं सोनीबाई म्हणायची. रोज घरात पहिलं नाव लाभाचं निघायचं आणि ते माझ्या तोंडून ओतलं जायचं, म्हणून मला लई भारी वाटायचं.

मग विजेचा कुकर आला, त्याच्यासोबत प्लॅस्टिकचा कप आला आणि मी फळीवर गेलं. अंगावर धूळ, पोटात मेणबत्तीचे तुकडे. कुणाला सांगणार?

मला खाली काढलं ते सुनेनं, उज्ज्वलानं. ही पोरगी मला पहिल्यापासून आवडायची. शेतातली कामं उरकून तिनं शिक्षिकेचं शिक्षण पुरं केलं होतं. पण चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की तिला शब्दच सुचायचे नाहीत. त्यापायी एका शाळेतली नोकरी हुकली होती. आता घोडेगावच्या एका शाळेनं नमुन्याचा पाठ घ्यायला बोलावलं होतं. खाण्यापिण्यातलं काय इंग्रजीत मोजता येतं आणि काय नाही, हे पोरांना शिकवायचं होतं.

"यंदा जमलं नाय, तर पुन्हा अर्ज करायची नाय मी," असं ती नवऱ्याला, सुनीलला, म्हणाली.

स्वयंपाकघरात ती सासूसमोर सराव करायची. "आई, अंडी मोजता येतात, केळी मोजता येतात. तांदूळ, दूध, चहा नाय येत."

सोनीबाईनं कमरेवर हात ठेवले. "तांदूळ मोजता येत न्हाई? मग जल्मभर मी काय केलं गं?"

उज्ज्वला खळखळून हसली. "अवो आई, तुमी तांदूळ नाय, मापटी मोजली. इंग्रजीतबी तसंच हाय!" असं म्हणता म्हणता तिची नजर फळीवर गेली. तिनं मला खसाखसा घासलं आणि तांदळाच्या पिशवीत घालून शाळेत नेलं.

वर्गात मागच्या बाकावर मुख्याध्यापिका वैजयंती मॅडम बसल्या होत्या. उज्ज्वलानं अंडी मोजली, तीही अडखळत. तांदळाची पाळी आली आणि तिचा आवाजच फुटेना. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. अरे देवा, गेली नोकरी, असं मला वाटलं. तिचा हात मात्र माहेरापासूनच्या सवयीनं चालला. तिनं मला भरलं, तळवा फिरवला, परातीत ओतलं आणि तोंडातून निघालं, "लाभ!"

मग एक मुलगी ओरडली, "मॅडम, वन म्हणा ना!"

"आमची आजीबी लाभच म्हणती!" दुसरीकडून आवाज आला.

सगळा वर्ग हसला, उज्ज्वलाही हसली आणि तिची भीती कुठल्या कुठं पळाली. "बरोबर, आजीच्या भाषेत लाभ, इंग्रजीत वन. पण दाणे कोण मोजत बसणार? आपण माप मोजायचं," ती म्हणाली. मग मला भरत, मला ओतत अशी इंग्रजी बोलली की बस्स! पोरं पुढं येऊन कपानं दूध आणि चमच्यानं साखर मोजू लागली. माझी पोरगी ती, मी कौतुक नाही करणार तर कोण करणार?

पाठ संपल्यावर मॅडमनी मला हातात घेऊन निरखलं. "सोमवारपासून या," त्या उज्ज्वलाला म्हणाल्या, "आणि येताना हे मापटं विसरू नका."

आता मला शाळेतही काम आहे आणि घरीही. तुमच्या फळीवर माझं एखादं भावंड पडलं असेल, तर तेवढं खाली काढा, बाबांनो. त्याच्या पोटात अजून लई जागा असते.

नोकरी पक्की झाली त्या दिवशी सोनीबाईनं सगळ्या आळीला जेवायला बोलावलं. प्लॅस्टिकचा कप बाजूला सारून तिनं मला तांदळात बुडवलं आणि पहिलं माप ओतलं. "लाभ."

दुसरं भरलं, सुनेकडे पाहिलं आणि आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "टू!"