उन्हाची खोली

ग्यालसननं जुनं मातीचं घर पाडून सिमेंटचं नवं बांधलं, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं होतं. रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच! तीच घरच्यांची राहती खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच. आणि मागे दक्षिणेला तिच्याहून मोठी, काचेचीच दुसरी खोली. तिच्यात जाड गालिचे, कोरीव चौरंग, फळीवर ओळीनं मांडलेली पितळी भांडी. ही पाहुण्यांची. आमच्या लडाखात अशी खोली घराघरात असते आणि तिला कुलूपही घराघरात असतं. ती उघडते लोसरला म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, लग्नकार्याला, नाहीतर लामा पूजेला आले की. एरवी आत फक्त धूळ बसते, तीही आरामात!

पण रस्ता पडला उत्तरेला. थंडीत उत्तरेच्या काचेवर ऊन फिरकत नाही, हे घराबाहेर उभं राहून कौतुक करणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात काचेवर आतून बर्फ धरला. बुखारी म्हणजे नळीची लोखंडी चूल; तिच्यात लाकडं कोंबा, गोवऱ्या कोंबा, समोर गुडघे भाजायचे आणि पाठ गार ती गारच. वारा फिरला की नळीतून धूर उलटा आत. खिडकी उघडावी तर थंडी आत, लावावी तर धूर. ग्यालसनचे वडील, गावाचे इशे मेमे म्हणजे इशे आजोबा, खोकून खोकून अर्धे झाले. वसंतात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "असा आणखी एक हिवाळा यांची छाती सोसणार नाही."

म्हणून शेतं कापून झाल्यावर ग्यालसननं ठरवलं, की रस्ते बंद व्हायच्या आत वडिलांना जम्मूला धाकट्या भावाकडे, नामग्यालकडे पोचवायचं. मेमेंनी वाद घातला नाही. चहाचा पेला खाली ठेवून एवढंच म्हणाले, "जातो. पण उन्हाळ्यात परत मला आणशील, की माझी राख?"

ग्यालसनची बायको कुन्झेस हे ऐकून ओट्यापाशी रडत बसली. मग डोळे पुसून तिनं नणंदेला फोन लावला. ही चोरोल, ग्यालसनची थोरली बहीण. पलीकडच्या गावात दिलेली, जन्मभर शाळेत शिकवत आलेली, आणि या धाकट्या ग्यालसनला अजून 'नोनो' म्हणत वर्गातलाच पोरगा समजणारी. दुसऱ्या दिवशी दुपार कलता जर्दाळूंची पिशवी घेऊन हजर झाली.

"काय रे नोनो, बाप जड झाला का?"

"आचे, तू तरी असं बोलू नकोस!" ग्यालसन उसळला. "मी काय हौसेनं पाठवतोय? गेल्या वर्षीपेक्षा मोठी बुखारी आणलीय. बघ, पेटलीय ना? अजून थंडी सुरू नाही, तरी खोली तापत नाही. आता काय घराला आग लावू?"

"लाकूड जळतंय इथे आणि ऊब चाललीय रस्त्यावर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. पीठ पुरेना म्हणून तू जातं मोठं आणलंस. कुत्र्याला कोण हाकलणार?"

"म्हणजे मी काय करू?"

"किल्ली दे."

"कसली?"

"मागच्या खोलीची. मी पाहुणी आहे ना? मग मला पाहुण्यांच्या खोलीत बसव!"

आता बहिणीला नाही कोण म्हणणार? ग्यालसननं कुलूप काढलं. सूर्य डोंगराआड गेला होता. त्या खोलीत ना बुखारी, ना शेगडी. तरी आत पाऊल टाकताच कुन्झेस थबकली. "अगं बाई, इथे कुणी काही पेटवलं होतं का?"

"पेटवलं ना," चोरोल म्हणाली, "सूर्यानं. दिवसभर. तुमच्या गालिच्यांसाठी."

इशे मेमे भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं त्यांनी कानटोपी काढली, मग गळ्यातली लोकर काढली. ग्यालसन बघत राहिला. गेल्या हिवाळ्यात त्यानं वडिलांचे कान पाहिलेच नव्हते!

तरी त्याच्या तोंडून निघालंच, "पण आचे, इथे चूल, अंथरुणं, आबा-लेंची औषधं... लोक आले तर काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, ग्यालसनचा बाप जिवंत आहे. आणखी काय ऐकायचंय तुला?"

ग्यालसन खाली बसला. "चुकलं माझं, आबा-ले," तो म्हणाला. "घर बांधताना मी रस्त्याकडेच तोंड करून उभा होतो."

"बांधलंस तर खरं," मेमे म्हणाले. "आता राहायला शिक."

नुसती खोली बदलून भागणार नव्हतं. दिवसा काच ऊन घेते, तशी रात्री ऊब सोडतेही. चोरोल मुक्कामच ठोकून बसली. काचेला आतून दुसरी काच बसली. फटींत मेंढीची लोकर ठासली. जुन्या घोंगड्यांचे पडदे शिवले, ते सूर्य बुडताच सोडायचे. छतावर पेंढा पसरून वर मातीचा थर दिला. दाराबाहेर छोटा आडोसा केला, म्हणजे एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जुनीच लहान बुखारी मागे आणली. नळी साफ करून उंच नेली, तसा धूरही मुकाट्यानं बाहेर जाऊ लागला. ती फक्त पहाटे आणि संध्याकाळी पेटायची. रस्त्याकडच्या खोलीत कांदे-बटाटे ठेवले.

गावानं टोमणे मारलेच. मीही एक मारला, "काय ग्यालसन, बटाट्यांना रस्ता दिसावा म्हणून एवढी काच लावलीस का?" तो हसून म्हणाला, "या आत, चहा घ्या." गेलो. आणि खरं सांगतो, उठवेना.

नदीचा काठ गोठला त्या दिवसांत जम्मूहून नामग्यालचा फोन आला. "आबा-ले, तिथे जमत नसेल तर अजूनही या. विमानानं आणतो."

मेमेंनी विचारलं, "तुझे दात का वाजतायत?"

"इथे धुकं आहे. फरशी बर्फासारखी पडलीय."

"मग तूच ये की बाळा! मी नुसत्या स्वेटरवर बसलोय."

खोकला पुरता गेला नाही. म्हातारपण असं थोडंच जातं? पण इशे मेमेंनी लोसर आपल्या घरात, आपल्या माणसांत केला.

मंडळी, थंडी पडायच्या आत आपल्या घराभोवती एक चक्कर मारा. ऊन कुठून येतं आणि ऊब कुठून जाते, ते बघा. आधी फटी बुजवा, मग सरपण जमवा. आणि घरातली सगळ्यांत उबदार जागा घरात राहणाऱ्यांना द्या. पाहुणे रागावणार नाहीत. तेही आपापल्या घरून कुडकुडतच आलेले असतात.